उन्हात ठेवलेला बोर्ड

आमच्या सोलापुरात दसरा काढतात. पुण्यात मी हे एकदा बोलले तर बायका माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. घटस्थापनेच्या आधी घरात एक चिंधीसुद्धा न धुतलेली ठेवायची नाही, एक भांडं न घासलेलं ठेवायचं नाही, आणि जे धुता येत नाही ते उन्हाला घालायचं, याला दसरा काढणं म्हणतात. गाद्या, गोधड्या, ट्रंका, पत्र्याचे डबे, देवाच्या तसबिरी, सगळं वर माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर जायचं. दिवसभर तापायचं आणि संध्याकाळी खाली यायचं. दुसऱ्या दिवशी उरलेलं.

काकांच्या घरी हे काम अव्वा करायची. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्यात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी चालतं, त्यामुळे आईला अव्वा. वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. काकांनी शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात मागची एक खोली आम्हाला दिली. दिली म्हणजे राहू दिलं. त्याच्या बदल्यात अव्वानं त्या घरचा स्वयंपाक, धुणं, दळण आणि दसरा सगळं अंगावर घेतलं, आणि तरी काकू आल्यागेल्याला सांगायच्या, "दोघींचा सांभाळ करतोय बघा आमी." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अव्वाच्या जात नसे. ती म्हणायची, "म्हणू दे की. डोक्यावर माळवद हाय न्हवं?" ते माळवदही आमच्याच खोलीवर गळायचं.

मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका कशी घेतली ते सांगत बसत नाही. घेतली. वर्गात मुलगी मी एकटीच होते आणि तीन वर्षं मुलांनी मला मशीन बघावी तसं बघितलं. पुढं सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा गावात संध्याकाळचा एक वर्ग सुरू झाला. मुंबईची एक संस्था होती, ती प्रोसेसरवर काम करणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यायची. प्रोसेसर हा शब्द तेव्हा सोलापुरात कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. काकांना वाटायचं मी रेडिओ दुरुस्ती शिकते. मीही त्यांना तसंच वाटू दिलं, कारण रेडिओ दुरुस्तीला त्यांची हरकत नव्हती.

त्या प्रमाणपत्रावर आमचं सगळं टांगलेलं होतं. आमचे सर पुण्याच्या एका कारखान्याला ओळखत होते. यंत्रांवर बसवायचे कंट्रोल बोर्ड बनवणारा कारखाना. तिथल्या साहेबांनी माझी मुलाखत घेतली आणि सरळ सांगितलं, की हे प्रमाणपत्र घेऊन दिवाळीपर्यंत या, जागा तुमची. नुसत्या पदविकेवर घेणार नाही, कारण पदविकावाल्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही. पगार असा होता, की पुण्यात दोन खोल्या घेऊन अव्वाला तिकडं नेता आलं असतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. मग म्हणाली, "तितं माळवद न्हाई न्हवं?"

"नाही. स्लॅब असतो तिकडं."

"मग गळत न्हाई."

"नाही गळत, अव्वा."

ती परत भाकरी थापायला लागली. पण त्या दिवसापासून तिनं मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं, हे मला कळत होतं. मधेच विचारायची, पुण्यात ज्वारी बरी मिळते का. मधेच, तिथल्या नळाला पाणी किती वेळ येतं.

प्रमाणपत्रासाठी लेखी परीक्षा पुण्याला आणि प्रात्यक्षिक सोलापुरातच, आमच्या वर्गात. प्रात्यक्षिकाला प्रत्येकानं स्वतः तयार केलेला बोर्ड आणायचा. मी चादरीच्या मागासाठी बोर्ड केला होता. आमच्या मागच्या बोळात तेलुगू विणकरांचा कारखाना होता, तिथं बसून मी माग बघितले होते. धोटा एकदा इकडून तिकडं गेला की माझ्या बोर्डाला एक टिचकी मिळायची. बोर्ड त्या टिचक्या मोजायचा, चादर पुरी झाली की घंटी वाजवायचा, आणि माग चालू असून टिचकी आली नाही तर लाल दिवा लावायचा. तिथल्या मालकानं तो मागाला लावू दिला आणि घंटी वाजल्यावर स्वतः टेप घेऊन चादर मोजली. मोजून झाल्यावर नुसता चहा मागवला. मला तेवढं पुरलं.

या बोर्डावर एक मेमरीची चिप होती. प्रोग्राम तिच्यात. तिच्या पाठीवर करंगळीच्या नखाएवढी काचेची खिडकी होती. चिपमधलं लिहिलेलं पुसून नवं लिहायचं असेल, तर त्या खिडकीतून खास जांभळा दिवा दाखवायचा, की आतलं सगळं जायचं. तसला उजेड थोडाफार उन्हातही असतो, म्हणून एरवी ती खिडकी झाकून ठेवायची. मी तिच्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी लावली होती. चिप लिहायचं यंत्र सोलापुरात नव्हतं. सरांनी ती मुंबईहून लिहून आणली होती, आणि दुसरी चिप घ्यायची आमची ऐपत नव्हती.

लेखीच्या आधी पुण्यात काही दिवस व्याख्यानं होती, म्हणून मी मावशीकडं गेले. निघताना बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून फळीवर ठेवला आणि अव्वाला तीनतीनदा बजावलं, "याला पाणी लागू देऊ नकोस. बाकी काही झालं तरी चालेल, पाणी नको." आमची खोली गळकी, मला भीती पाण्याची. पाण्याचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं नाही. सोलापुरात वस्तूला उन्हापासून जप असं कोण कुणाला सांगतं? आम्ही तर जे बिघडेल ते उन्हालाच घालतो.

पुण्यात पेपर झक्कास गेला. मी उगाच विनय करणाऱ्यातली नाही, चांगला गेला म्हणजे चांगलाच गेला. परत आले ती प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी. स्टेशनवरून घरी येईपर्यंत अंधार पडला होता आणि आमच्या भागात वीज नव्हती. तेव्हा वीजकपात असायची, गेली की कधी येईल याचा नेम नसायचा. खोलीत चिमणी लावलेली. दाराशी एक पोतं तोंड बांधून ठेवलं होतं.

"हे काय?"

"आपली भांडी," अव्वा म्हणाली. "दसरा काढला न्हवं का, तवाच येगळी केली. तुझ्या काकूच्यात मिसळली तर पुन्हा वळकू यायची न्हाईत."

वडिलांच्या नावाचा तांब्या, तिच्या माहेरची परात, दोन पातेली, माझी लहानपणीची वाटी. सगळं घासून लख्ख करून तिनं पुण्याला जायच्या तयारीनं बांधून ठेवलं होतं. मी म्हटलं, अजून परीक्षा व्हायची आहे. ती म्हणाली, "व्हईल की."

बोर्ड खोक्यात जसाच्या तसा होता. चिमणीच्या उजेडात मी तो वर काढून बघितला. धुळीचा कण नव्हता त्याच्यावर. वीज नव्हती, तर लावून बघणार कशावर? तारा ओढून बघितल्या, डाग दिलेले सांधे बोटानं चाचपले, परत खोक्यात ठेवला. अव्वा बाजूला उभी राहून बघत होती. "वल लागू दिली न्हाई म्या," ती म्हणाली.

सकाळीही वीज आली नव्हती. अव्वानं कपाळाला विभूती लावली, माझ्याही लावली, आणि मी निघाले.

परीक्षक मुंबईचे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर काही नाही. माझी पाळी आली. त्यांनी आधी तोंडी प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली, त्यांना आणखी विचारावंसं वाटलं, त्यांचीही दिली. सर कोपऱ्यात उभे होते, त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. मग परीक्षक म्हणाले, "चालू करा."

मी बटण दाबलं. आकडे दाखवणारे चार दिवे होते, ते शून्यावर यायला हवे होते. दोनांत काहीच आलं नाही, उरलेल्या दोनांत आकडाही नव्हे आणि अक्षरही नव्हे अशा रेघा आल्या. लाल दिवा आपला पेटून बसला. मी बंद करून परत चालू केला. तेच. मी म्हटलं, जरा वेळ द्या. त्यांनी दिला, खोटं कशाला बोलू. मी मीटर लावून वीज तपासली, सांधे तपासले, वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं. तेव्हा माझं लक्ष चिपकडं गेलं. खिडकी उघडी होती. स्वच्छ पुसलेली काच, आणि तिच्या कडेला काळ्या पट्टीच्या गोंदाचा एवढासा राहिलेला डाग.

परीक्षकांनीही ते बघितलं. "यावरची पट्टी कुठे आहे?"

"होती," मी म्हटलं.

"किती दिवस उघडी आहे?"

मला माहीत नव्हतं. सरांनी मधे पडून सांगितलं, की हा बोर्ड मी चालताना बघितलाय, कारखान्यात मागावर चाललाय, विचारा हवं तर. परीक्षकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "असेल. मला आज चाललेला दिसला पाहिजे." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आपलं काम दुसऱ्याच्या हातात सोडून जायचं नसतं. हे पुस्तकात नाही, पण यातलं पहिलं हेच आहे." बोलले ते बरोबरच होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा इतका राग मला पुढं कधी आला नाही. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे परीक्षेत नापास, असा नियम होता. पुढच्या वर्षी बसा म्हणाले, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

घरी आले तर अव्वा उंबऱ्यातच बसली होती. तिला काही विचारू न देता मी खोकं तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "याच्यावरची काळी पट्टी कुणी काढली?"

"म्या काढली," ती सहज म्हणाली.

मग सगळं कळलं. मी गेल्यावर दोन दिवसांनी पाऊस झाला, खोली गळाली, आणि फळीवरच्या खोक्याच्या कोपऱ्याला ओल आली. अव्वाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं बोर्ड काढून कोरड्या फडक्यानं पुसला. पुसताना ती पट्टी सुटायला आलेली दिसली, आणि पट्टीखाली काच. तिला वाटलं, काचेच्या आत पाणी शिरलं असणार. आत शिरलेलं पाणी बाहेरनं पुसून कसं जाईल? ते उन्हानंच जायचं. म्हणून तिनं पट्टी काढून टाकली, काच पुसली, आणि पाऊस उघडल्यावर दसऱ्याच्या गोधड्यांबरोबर बोर्ड वर नेला. पावसानंतरचं ऊन कसं कडक असतं ते आम्हाला माहीत आहे. आठवडाभर, रोज सकाळी वर, संध्याकाळी खाली. कावळ्यानं चोच मारू नये म्हणून ती स्वतः शेजारी बसून राहायची. काच वर केलेली, कारण आतपर्यंत ऊन जायला पाहिजे.

पाणी पडलं असतं तर मी वाळवून चालवला असता. हे मी तिला सांगितलं. चिडले, चांगलीच चिडले. का नाही चिडायचं? माझं डोकं फुटायची वेळ आली होती. म्हटलं, "ऊन लागून गेलं सगळं. पुसलं गेलं. नापास केलं मला."

तिला ते पटेचना. "उन्हानं कसं पुसंल गं? उन्हानं वाळतंय. उन्हानं काय पुसतंय का कुटं?"

"आत लिहिलेलं होतं, अव्वा. शाईनं नाही. त्याला ऊन सोसत नाही."

"समदंच गेलं?"

"सगळं एकदम जात नाही. आधी थोडं जातं, मग थोडं. वरून काही दिसत नाही, वरून ते तसंच दिसतं."

ती बोर्डाकडं बघत राहिली. मग हळूच विचारलं, "झाकलं असतं तर ऱ्हायलं असतं?"

"हो."

काकू आतून आल्या, काय झालं म्हणाल्या, आणि ऐकून म्हणाल्या, "जाऊ दे, नशिबात नव्हतं." दुसऱ्याच्या बाबतीत नशीब किती चटकन सापडतं लोकांना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा दाराशी पोतं नव्हतं. अव्वा चुलीजवळ बसून एकेक भांडं फळीवर परत लावत होती. तांब्या, परात, पातेली. वाटी हातात घेऊन जरा थांबली, मग तीही ठेवली. रिकाम्या पोत्याची घडी घालून तिनं ते गळतीच्या जागेखाली अंथरलं.

पुण्याच्या कारखान्यानं दिवाळीला दुसऱ्याला घेतलं. पुढच्या वर्षी बसायचं म्हटलं तर आमचा वर्गच बंद पडला, पुरेशी मुलं आली नाहीत. सर बदलून गेले. प्रात्यक्षिकासाठी आता मुंबईला जायचं म्हटल्यावर काकांनी हात वर केले, आणि मावशीनंही. मी नव्या पेठेतल्या एका दुकानात बसून रेडिओ दुरुस्त करायला लागले. काकांना जे वाटत होतं तेच खरं झालं म्हणायचं. मग टेपरेकॉर्डर आले, मग टीव्ही आले. मी हाताची चांगली होते, दुकान माझ्यावर चालायचं, पण पगार मदतनिसाचा. प्रमाणपत्र कुठाय, असं मालक दरवर्षी विचारायचा. आम्ही त्या मागच्या खोलीतच राहिलो. मधे दोन ठिकाणी माझं लग्न ठरता ठरता मोडलं, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र बदलली. पुढच्या दसऱ्याला अव्वानं सगळं धुतलं, घासलं, पण आमची एकही वस्तू माळवदावर नेली नाही. काकूंच्या गाद्या नेल्या, तसबिरी नेल्या. आमच्या गोधड्या खोलीतच दोरीवर वाळत घातल्या, त्यांना वास यायला लागला. मी म्हटलं, अगं गोधडीला काय होतंय? ती ऐकल्यासारखं करायची आणि ट्रंक सावलीत सरकवायची. माझी पदविका त्या ट्रंकेत होती. वर्षानुवर्षं हेच चाललं. मी समजावलं, चिडले, शेवटी हात टेकले.

म्हातारपणी तिला विसरायला व्हायला लागलं. आधी मीठ घातलं का नाही, मग वार कुठला, मग माणसं. काकू समोर आल्या तर "ही कोण बाई?" म्हणायची. काका गेले ते तिला कळलं नाही. एक दिवस मी वडिलांचं नाव घेतलं, तर म्हणाली, "कोण ते?" मी तेव्हा न्हाणीत जाऊन रडले. मला ओळखायची. माझं नाव घ्यायची, दुकानातून यायला उशीर झाला तर उंबऱ्यात बसायची.

त्या ओलीच्या खोलीत तिची हाडं धरली होती. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा हिला रोज सकाळी उन्हात बसवा. मी सांगितलं तर ती भिंतीला धरून बसली. उठेना. दोन दिवस मी ऐकलं, तिसऱ्या दिवशी मला राग आला. तिचं वजन ते काय राहिलं होतं. मी तिला सरळ उचललं, जिना चढून माळवदावर नेलं आणि गोधडीवर बसवलं. कोवळं ऊन होतं. मी म्हटलं, "बघ, काही होत नाही. बरं वाटतंय का नाही?"

तिनं पदर पुढं ओढून कपाळावर घेतला. मग पदरावरून दोन्ही तळहात कपाळावर दाबून धरले आणि मान खाली घालून बसली. मी हात काढायला गेले तर सोडेना. कुठून एवढं बळ आलं होतं कोण जाणे.

"अव्वा, काय करतेस गं?"

"आत तू एकलीच ऱ्हायलीस की," ती म्हणाली. "तेवढी ऱ्हाऊ दे."

मी तिला खाली आणलं.